ठकूच्या पत्त्यावर मद्रास

सेंट्रल स्टेशनच्या लाल इमारतीतून आम्ही बाहेर पडलो तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते. तरीही ऊन असं पडलं होतं, की कालचंच ऊन कुणी आत घ्यायला विसरलं असावं. समोर सायकलरिक्षांची रांग, घंटांचा किणकिणाट, ओल्या केसांत मोगऱ्याचे गजरे माळलेल्या बायका, आणि कानावर पडणाऱ्या भाषेतला एक शब्द कळेल तर शपथ. सोलापुरातून निघताना मला थोडी धास्ती होती. ती तिथं, त्या पायऱ्यांवरच कुठं तरी गळून पडली आणि मला उगीचच हसू यायला लागलं.

आम्ही तिघं होतो. आमचे हे गिरणीत कामाला. नवी यंत्रं पाहायला मालकांनी त्यांना दोन दिवस मद्रासला धाडलं होतं. मी हट्टानं सोबत आले होते. तिसऱ्या आमच्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या भगिनी शेवंताबाई. वय बावन्न, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, तरुणपणीच विधवा झालेल्या. चौदा वर्षं मी त्यांच्यासोबत एका घरात राहत होते आणि चौदा वर्षं त्यांना भीत होते. त्या मद्रासला का निघाल्या, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमत कुणाला?

ट्रिप्लिकेनमधल्या लॉजवर सामान टाकून, खोलीबाहेर फार हिंडू नका, संध्याकाळी समुद्र दाखवतो, असं बजावून हे कामाला गेले. त्यांची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत वन्सं खाटेवर ताठ बसून होत्या. मग त्यांनी ट्रंकेतून एक जुनं पोस्टकार्ड काढलं आणि म्हणाल्या, "सुमन, चप्पल घाल. जॉर्जटाउनला जायचंय."

कार्डावर ठकूचा पत्ता होता. ठकू ही वन्संची सोलापूरची बालमैत्रीण. सोळाव्या वर्षी तिचं लग्न तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या गोविंदरावांशी झालं आणि ती मद्रासला आली. गोविंदराव बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. सासरी तिचं नाव तुळजाबाई ठेवलं. पुष्कळ वर्षं पत्रं येत होती. मग बंद झाली, त्यालाही अकरा वर्षं झाली होती. एवढंच वन्संनी सायकलरिक्षात मला सांगितलं. पत्रं का बंद झाली हे सांगितलं नाही.

जॉर्जटाउन म्हणजे दुकानांचं वारूळ. एक गल्ली नुसत्या हळदीची, एक पितळेच्या भांड्यांची, एक कागदाची. डोक्यावर पोती घेतलेले हमाल आरोळी देत येत आणि आम्ही दोघी दर दहा पावलांनी भिंतीला चिकटत होतो. तमिळ आम्हांला येत नव्हतं, पण वन्संच्या शाळेत निम्म्या मुली पद्मशाली विणकरांच्या, तेव्हा कामापुरतं तेलुगू त्यांना पाठ होतं. एका कुंकवाच्या दुकानापुढं उभं राहून त्यांनी वर्गात विचारावं तशा आवाजात "इल्लु एक्कड?" (घर कुठे?) असं विचारलं. म्हातारा दुकानदार तेलुगूच निघाला. तो इतका खूश झाला, की पत्ता सांगायच्या आधी त्यानं आम्हां दोघींना बसायला स्टुलं दिली.

ठकूचं घर आता कागदाचं गोदाम झालं होतं. मात्र मराठी राव मंडळी मैलापूरला तळ्यामागच्या गल्लीत गेल्याचं म्हाताऱ्याला पक्कं आठवत होतं. त्याची बायको तुळजाबाईंकडून पुरणपोळी शिकली होती म्हणे. ते ऐकून वन्सं गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाल्या, की ठकूची पोळी तर कायम फुटायची.

दुपारी एका हॉटेलात जेवलो. वन्संनी जन्मात हॉटेलची पायरी चढली नव्हती. आत शिरताना त्यांनी माझा दंड असा धरला होता, की नंतर त्यावर चार बोटं उमटलेली दिसली. केळीच्या पानावर भाताचा डोंगर, त्यावर रस्सम (चिंच-मिऱ्याचं पातळ सार). ते पानावर थांबायला तयार नव्हतं. वन्सं भाताचे बांध घालत होत्या, ते बांध फोडत होतं, आणि शेवटी त्यांनी पानाची कड उचलून धरली तर सगळं माझ्या बाजूला आलं. वाढपी थांबून बघत होता. त्यानं हात आडवा धरून भातात आळं कसं करायचं ते दाखवलं. वन्संनी ते एकदा पाहिलं आणि दुसऱ्या वेळी बरोबर केलं. मुलींना गणित जमल्यावर त्या बघत, तशा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नंतर कॉफी आली, पेल्याला ओठ न लावता वरून प्यायची. त्यातली निम्मी माझ्या पदरानं प्यायली.

मैलापूर जॉर्जटाउनच्या अगदी उलट. उंच गोपूर, त्याच्यासमोर पायऱ्यापायऱ्यांचं तळं, दारोदारी कोलम (तांदळाच्या पिठाची रांगोळी) आणि कुठल्याशा माडीवर मुली गाणं शिकताहेत, एकच ओळ पुन्हापुन्हा. नऊवारी नेसलेल्या बायका दिसल्या. नेसण दुसऱ्या तऱ्हेचं, पण कासोटा तो कासोटाच. वन्सं आणि त्यातली एक आजीबाई भर रस्त्यात एकमेकींच्या निऱ्या निरखत उभ्या राहिल्या आणि एक शब्द न बोलता मान डोलावून निघाल्या. फुलवाली गजरा हातानं मोजून देत होती, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. वन्संनी एक हात गजरा घेतला आणि माझ्या अंबाड्यावर स्वतः माळला.

तळ्यामागच्या गल्लीत ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ पेपर वाचत बसले होते. आम्ही आपसांत बोलत होतो ते ऐकून ते उठूनच उभे राहिले. निवृत्त शाळामास्तर, सात पिढ्या तंजावरच्या. त्यांचं मराठी जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखं होतं आणि त्याला तमिळ हेल.

"देशांतून आलांत काय? या, बसा," ते म्हणाले. देश म्हणजे महाराष्ट्र. तो त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

वन्संनी गोविंदरावांची चौकशी केली.

"गोविंदराव गेले," मास्तर म्हणाले.

वन्सं ओसरीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कधी?"

"दोन वर्षें झालीं."

"कशानं?"

"ट्रेनीनें," मास्तर म्हणाले. "सामान लॉरींत घातलें, माणसें ट्रेनीनें गेलीं. आवडी नांवाच्या गांवीं. मुलास तेथें कारखान्यांत काम मिळालें."

मग वन्सं हसायला लागल्या. चौदा वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. त्या ओसरीवर बसल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडात कोंबला तरी थांबेनात. त्यांच्यामुळं मी हसायला लागले, आणि काय झालं ते न कळता मास्तरही. त्यांच्या पत्नीला वाटलं बाईंना भोवळ आली. त्या धावत जाऊन कॉफी घेऊन आल्या.

संध्याकाळी यांनी आम्हांला समुद्रावर नेलं. दिवसभर काय केलंत, असं विचारल्यावर वन्सं म्हणाल्या, देवळाकडं गेलो होतो. ते खोटं नव्हतं. हे सुंडल (खोबरं-कैरी घातलेली उसळ) आणायला गेले तेव्हा वन्सं घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. तिथंच, माझ्याकडं न बघता, त्यांनी पत्रांची हकीकत सांगितली. ठकूच्या पत्रांत तमिळ शब्द यायला लागले, वळणं बदलली, ऱ्हस्वदीर्घ तर पारच गेलं. एकदा शाळेच्या वह्या तपासत असताना तिचं पत्र आलं. हातात लाल शाई होतीच. वन्संनी त्या पत्रातल्या चुका दुरुस्त केल्या, खाली "लक्ष देऊन लिही" असा शेरा मारला आणि गंमत म्हणून ते परत धाडलं. त्यानंतर ठकूचं पत्र आलं नाही.

"मला गंमत वाटली होती," त्या म्हणाल्या. "तिला काय वाटलं असेल, ते मी कधी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या मेलनं परतायचं होतं. हे कामाला गेल्याबरोबर आम्ही सेंट्रलला जाऊन आवडीच्या गाडीत बसलो. कोळशाची कसपटं डोळ्यांत जात होती आणि वन्सं तरीही खिडकी सोडायला तयार नव्हत्या. आवडी म्हणजे लांबच लांब मोकळं माळरान आणि त्यावर एकाच साच्यातून काढलेली सरकारी घरं. सगळ्यांना तोच दरवाजा, तीच खिडकी, दोरीवर तसेच खाकी कपडे. आम्ही तीन चुकीची दारं वाजवली. चौथं बरोबर होतं, पण त्याला कुलूप.

शेजारची मल्याळी बाई बाहेर आली. ना तिला मराठी-तेलुगू, ना आम्हांला मल्याळम. तिनं पोटावर हात फिरवून ते केवढं ते दाखवलं, मग हातांचा पाळणा करून झुलवला. वन्संनी घाबऱ्या होऊन विचारलं, "या वयात?" मी म्हटलं, अहो वन्सं, लेकीचं बाळंतपण असेल. तेच होतं. दोघं नवराबायको लेकीकडं अड्यारला गेली होती. टपाल तिकडं पाठवायचं म्हणून बाईकडं पत्ता होता. तिनं तो कागदावर तमिळमध्ये लिहून दिला आणि आमच्या ओंजळीत दोन दोन केळी ठेवली.

गाडी परत सेंट्रलला आली तेव्हा दोन वाजून गेले होते. उतरण्याच्या घाईत वन्संची डाव्या पायातली चप्पल फलाटाच्या फटीतून रुळांवर पडली. त्यांनी खाली वाकून पाहिलं, उजव्या पायातली काढली, खांबाशी नीट ठेवली आणि चालू लागल्या. नवी घेऊ म्हटलं तर म्हणाल्या, वेळ नाही.

अड्यारच्या बसमध्ये कंडक्टरनं आमचा कागद वाचला, मग शेजारच्या प्रवाशानं, मग त्याच्या मागच्यानं. पुलावर येईपर्यंत निम्म्या बसला ठाऊक झालं होतं, की या दोन बायका बाळंतिणीच्या घरी निघाल्या आहेत. पुलाखाली नदी रुंद होऊन समुद्राला मिळत होती, पाण्यात पांढरे बगळे उभे होते. पुढं मोठाली झाडं, शांत रस्ते, कुंपणाआडचे बंगले. आमच्या थांब्यावर सबंध बसनं हात करून दिशा दाखवली.

डांबर तापून मऊ झालं होतं. एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत वन्सं टुणटुण उड्या मारत निघाल्या. मुख्याध्यापिका शेवंताबाई, अनवाणी, एका हातात केळी, दुसऱ्या हातानं लुगडं वर धरलेलं. मला हसू आवरेना. "हस," त्या पुढून म्हणाल्या, "पण पाय उचल."

एका लहानशा घराच्या ओसरीवर जाडशी, पांढऱ्या केसांची बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. आम्हांला बघून तिनं विचारलं, "यारु?" (कोण?)

वन्सं फाटकातच थांबल्या. दोन दिवस मनात घोकलेलं सगळं त्या विसरल्या असाव्यात. "ठकू," एवढंच म्हणाल्या.

बाईचा हात तांदळात तसाच राहिला. तिनं वन्संच्या तोंडाकडं पाहिलं, मग खाली धुळीनं माखलेल्या पायांकडं.

"शेवंते," ती म्हणाली, "आधीं पाय धू. बाळंतिणीचें घर आहे."

तिनं स्वतः तांब्या आणला आणि पायांवर पाणी ओतलं. वन्सं तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "ठकू, ते लाल शाईचं पत्र. चूक माझी होती. तुझ्या चुका काढायला मी कोण?"

ठकूबाईंनी तांब्या खाली ठेवला. "तें येऊन," त्यांनी सुरुवात केली. हे तमिळ वळण, आपण 'त्याचं असं' म्हणतो तसं. "तें येऊन, मला राग नाहीं आला. मी उत्तर लिहिलें. वाचून पाहिलें तर अर्धें तमिळ. फाडलें. दुसरें लिहिलें, तेंही तसेंच. पांच पत्रें फाडलीं. मग मनांत म्हटलें, माझें मराठी गेलें, आतां शेवंतेस काय तोंड दाखवूं?"

"गेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "मला सगळं कळतंय."

त्यानंतर दोघी एकदम बोलायला लागल्या आणि मला जे कळत होतं तेही कळेनासं झालं. गोविंदराव आतून पंचा सावरत आले, बसा म्हणाले, आणि त्यांच्याकडं कुणी बघत नाही असं पाहून माझ्याशी सोलापूरच्या हवेबद्दल बोलू लागले. आठ दिवसांची नात वन्संच्या मांडीवर आली. ठकूबाईंनी दहीभात वाढला. मी घड्याळाकडं बघत होते. शेवटी निघावंच लागलं तेव्हा ठकूबाईंनी आपल्या वहाणा वन्संच्या पायांपुढं ठेवल्या. दोन बोटं मोठ्या होत्या. वन्संनी त्या घातल्या.

सेंट्रलला पोचलो तेव्हा हे फलाटावर सामानाशेजारी उभे होते, चेहरा रागानं आणि काळजीनं लाल. कुठं होतात, असं त्यांनी विचारलं. वन्सं डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, आवडीला गेलो होतो, तिथून अड्यारला." यांनी ही नावंच ऐकली नव्हती. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहून पुन्हा हसत सुटलो, ते आरकोणम स्टेशन येईपर्यंत.

घरी आल्यावर आळीतल्या बायका विचारायला आल्या, मद्रासला काय काय पाहिलंत? मोठं वस्तुसंग्रहालय? नाही. दीपगृह? नाही. कपालीश्वराचं देऊळ तरी आतून? तेही नाही. सगळ्यांना आमची कीव आली. त्यांना कसं सांगावं ते मला कळेना. कुणाला तरी शोधत हिंडलं, की शहर आपल्याला दारं उघडून दाखवतं. कुंकवाचं दुकान, मास्तरांची ओसरी, आवडीचं ते चौथं दार. आणि ज्यांच्यासोबत मी हिंडले, त्या वन्संही मला तिथंच नीट दिसल्या. एवढी वर्षं एका छपराखाली राहूनही दिसल्या नव्हत्या.

परवा मी भाजी चिरत होते. वन्सं शाळेतून आल्या, पाणी प्यायल्या आणि माझ्यापाशी पाट ओढून बसल्या. पूर्वी त्या अशा बसत नसत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुमन, आठवून बघ. कलकत्त्यात आपल्या ओळखीचं कुणी हरवलंय का ग?"