लाईट आली का?

आमच्या चौसाळ्यात बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी देतात आणि लगेच विचारतात, 'तिकडं लाईट आली का?' वीज तयार होते आमच्याच जिल्ह्यात, परळीला, आणि वाट बघायची आम्ही. दादाने हाच प्रश्न मला फोनवर विचारला तेव्हा पहिल्यांदा मला हसूच आलं होतं.

दादा परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेचा ट्रक चालवायचा. त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा मी पुण्यात, त्याच विषाणूवर औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. 'काय योगायोग!' म्हणून लोक हळहळायचे. मला त्यांचा राग यायचा. 'तू तिथं करतीस तरी काय गं?' असं दादाने विचारलं आणि मी, शिकलेल्या माणसाच्या तोऱ्यात, अर्धंच सांगितलं, 'उजेड मोजते.'

राहिलेलं अर्धं असं होतं. विषाणूचं एक एन्झाइम कात्रीसारखं काम करतं. आम्ही त्याच्यापुढे एक बारीकसा रेणू ठेवायचो, त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक दाबून ठेवणारा. कात्रीने तो कापला की चमक मोकळी व्हायची आणि यंत्रावरचा आकडा चढायचा. औषधाने कात्री धरून ठेवली, तर अंधार. म्हणजे आम्हाला अंधारच हवा असायचा.

दर रविवारी सकाळी मी गावातल्या हायवेवरच्या एसटीडी बूथवर फोन करायचे. तो आधीच येऊन बसलेला असायचा.

'लाईट आली का गं?'

'आली,' मी म्हणायचे. खोटं नव्हतं ते. लाईट आलेली असायची, म्हणजे तपासलेला आणखी एक पदार्थ वाया गेलेला असायचा.

'मग जमतंय की!' तो खूश व्हायचा. त्याची चूक दुरुस्त करायची माझी हिंमत झाली नाही. भित्री होते मी, दुसरं काय!

मग एका शनिवारी आकडा जागचा हललाच नाही. रविवारी त्याने विचारायच्या आधीच मी हसत ओरडले, 'दादा, लाईट आली न्हाई!'

पलीकडे तो जरासा खोकला. मग तो म्हणाला, 'असू दे गं. आमच्याकडं तरी कुठं येळेवर येती.' आणि फोन ठेवला.

आपण काय बोलून बसलो, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. लगेच पुन्हा फोन लावला. बूथवाला म्हणाला, 'गेले की ते घरी.'

पुढच्या रविवारी सगळं नीट समजावून सांगायचं ठरवलं. पण सोमवारी पुन्हा तपासलं, तर तो पदार्थ स्वतःच उजेड गिळत होता. त्याचा पिवळा रंग आम्हा सगळ्यांना दिसत होता, आनंदात कुणी मनावर घेतला नव्हता. कात्री आपली मजेत चालू होती. आता त्याला समजावणार काय? न कळता बातमी त्याने बरोबरच ऐकली होती.

रविवारी तो बूथवर आला नाही, तापाने अंथरुणाला खिळला होता. त्याच आठवड्यात तो गेला.

दहावा झाल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. 'वन्सं, त्या दिशी फोनवरनं आले आन् म्हणले, पोरीचं काम बिघडलंय. माझं काय न्हाई, पर ती लई रडली आसंल. हसू हसू बोलत होती, पर मला कळतंय.'

त्या दिवशी मी रडले नव्हते. खरंच हसत होते.