गलबताची तहान

चौथीनंतर शाळा सुटली, पण लाकूड मला वाचता येतं. म्हणून इथे आखातात, अल क्वोजच्या वर्कशॉपात एक जुनं गलबत मी माझ्या जबाबदारीवर दुरुस्तीला घेतलं. दोन डोलकाठ्यांचं, लहानसं, माझ्या पणजोबांच्या काळातलं. फळ्यांच्या फटींतला जुना कापूस उकरताना लाल भुकटी निघाली, कौलांची. म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरून कौलं आणायची आणि खजूर भरून परतायचं. खजुराच्या चिकानं तळ काळा पडला होता.

वर्कशॉपातला इंजिनिअर पुण्याचा, इथे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहणारा. नवा कापूस ठोकून झाल्यावर म्हणाला, "काका, खाडीत सोडण्याआधी आठ दिवस आत पाणी भरून ठेवू या का? लाकूड फार ड्राय झालंय."

"मला शिकवू नकोस. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. दोन दिवस."

दोन दिवस हा कोकणातला हिशेब. तिथे गलबत पावसाळाभर झावळ्यांखाली, दमट हवेत असतं. हे चार वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये तापलेलं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा गलबत खाडीत होतं आणि आत पाणी घोट्याला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशीही पंप चालूच. इंजिनिअर फोन हातात घेऊन आला. "काका, गलबताच्या मालकांचा मेसेज. उद्या दुपारपर्यंत पाणी थांबलं नाही तर क्रेननं वर काढायचं, बाहेरून सगळीकडे फायबरचा थर मारायचा. खलास."

फायबरखाली लाकूड कोंडतं आणि कुजतं. वरून चकचकीत, आत भुसा. माझ्या चुकीनं! तोंडानं म्हटलं, "यल्ला, चल, चहा आण."

मी तळातच बसून राहिलो. पंप बंद करायचा, पाण्याच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारायची, तासानं बघायचं. बोटभर चढलेलं. पुन्हा पंप. संध्याकाळी अर्धं बोट. जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी अकराला क्रेन धक्क्यावर येऊन उभी राहिली. मी पंप बंद केला, रेघ मारली. इंजिनिअर शेजारी उकिडवा बसला. घड्याळाकडे त्यानं किती वेळा पाहिलं, मोजलं नाही; मी रेघेवरची नजर काढली नाही. दुपारची अजान झाली. पाणी रेघेलाच होतं.

"काका, थांबलं!"

"दिसतंय मला."

तो क्रेनवाल्याला परत पाठवायला शिडी चढू लागला, तेव्हा मी हाक मारली. "पुढच्या गलबताला आठ दिवस आधी पाणी भर. मी नको म्हटलं तरी भर."