दुसरं कोण?

शाल ठरली, डोक्याला मैसूर पेटा ठरला, चंदनाचा हार ठरला. शारदा सिस्टर निवृत्त झाल्यावर त्यांच्या वॉर्डात हाकेला ओ कोण देणार, हे मात्र सत्कार समितीने ठरवलेलं नाही. माझी ही तक्रार आधी छापा. आता सर्वांना नमस्कार.

सिस्टरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवाच्या या पुस्तकात मोठी माणसं लिहितीलच. मी त्याच वॉर्डातली जुनी आया, चौथीपर्यंत शिकलेली. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

आमची ओळख भांडणाने झाली. आमचे वाडवडील मैसूरच्या फौजेत होते. त्यामुळे जड पेशंट आला की सगळे म्हणायचे, "अक्का, तुम्ही मराठे, तुमच्या अंगात जोर!" मी एकटीच काखेत हात घालून पेशंटला वर ओढायची. सिस्टर नव्याने बदलून आल्या होत्या. दारातून बघत होत्या. बाकीचे नुसते "एत्तु, एत्तु" ओरडत होते.

"अक्का, एत्तु म्हणजे काय?"

"उचल."

"आणखी काय?"

कन्नडात एत्तु म्हणजे बैलसुद्धा. मी भडकले. "मला बैल म्हणता?"

"मी कुठे म्हणते? जे तुम्हाला एकटीला जुंपतात, ते म्हणतात. तोंडाने मराठे म्हणतात, एवढंच."

त्या दिवसापासून वॉर्डात एत्तु शब्द बंद. पेशंटला उचलायचं नाही, सरकवायचं. आधी पलंगाची मूठ फिरवून तो कमरेइतका वर घ्यायचा, चाकं अडकवायची, अंगाखाली गुळगुळीत चादर घालायची, दोन बाजूंना दोघांनी उभं राहायचं. आणि हात लावण्याआधी हाक मारायची, "इन्नोब्रु यारु?" म्हणजे दुसरं कोण? कुणी "नानु", म्हणजे मी, म्हटल्याशिवाय काम सुरू नाही.

सुरुवातीला लोक हसले. एकदा वरुणा गावाकडचा एक ऊसवाला शेतकरी पाय मोडून आला होता. माणूस कसला, भरलेली बैलगाडी. सिस्टरांनी हाक दिली. आम्ही सगळ्या दुसऱ्या पेशंटजवळ अडकलेल्या. जवळ फक्त एक तरुण डॉक्टर, मोबाइलमध्ये मान घालून. सिस्टरांनी पुन्हा हाक दिली. शेवटी तो शेतकरीच पलंगावरून ओरडला, "नानु!"

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या हातांत बळ आहे, डोक्यावरच्या त्या कडीला धरा. तुम्ही पहिले झालात. आता दुसरं कोण?"

वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले आणि मोबाइल खिशात ठेवून त्यांनी येऊन चादर धरली. आज ते मोठे डॉक्टर आहेत, आणि हाक आली की सगळ्यांत आधी त्यांचाच "नानु" येतो. सिस्टरांनी कुणाला अपमान करून शिकवलं नाही. मला बैल म्हणाल्या ते सोडून.

माझी कंबर मात्र त्याआधीच गेली होती. पुढे एका दसऱ्याला मी घरी बन्नीमंटपात अंथरुणाला खिळले. तिथल्याच मैदानात मशालींच्या कवायतीचा दिवस, रस्ते सगळे बंद. सिस्टर गर्दीतून चालत आल्या. फळं आणली नाहीत, देवाचा अंगारा आणला नाही. माझ्या सुनेला पदर खोचायला लावला आणि जुनी चादर दुहेरी करून मला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. मुलगा दारात उभा राहून बघत होता. त्याला म्हणाल्या, "काय बघतोस? दुसरा तूच." सुनेची कंबर आजही ताठ आहे. तोंडही, पण त्याला सिस्टरांचा इलाज नाही.

आता माझी नात रूपा त्याच वॉर्डात लागली आहे. अंगाने माझ्यासारखी आडवी. परवा सांगत होती, "अज्जी, मलापण म्हणाले, तुम्ही मराठे, तुमच्या अंगात जोर!" मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करणार? हात मागे घेतले आणि ओरडले, इन्नोब्रु यारु?"

"आलं कोण?"

"सिस्टर आल्या."

सिस्टर, तुम्ही खूप जगा, स्वतःच्या पायांवर हिंडत जगा. कुणाला तुम्हाला सरकवावं लागू नये. लागलंच तर दोघांनी सरकवावं. पण पुढच्या महिन्यात रूपाने हाक मारली की तुम्ही येणार नाही. म्हणून हे पुस्तक हातात घेऊन बसलेल्या त्या वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगते: जो सगळ्यांत जवळ असेल, त्याने "नानु" म्हणायचं. गळ्यात स्टेथोस्कोप असला तरी त्यानेच.