आईला उठता येईल अशी गाडी

जुनी गाडी घ्यायची ठरली त्याच संध्याकाळी मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर सोळा मुद्दे लिहून काढले. मायलेज, टायर, विमा, किती मालक झाले, काच फुटली तर किती दिवसांत मिळते, सगळं. माझी याद्यांची सवय घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणाला, "लग्नाच्या वेळी माझी पण अशीच यादी केलीस काय?" मी म्हटलं, "तेव्हा वही लहान होती."

चेष्टा तेवढीच. गाडीची निकड बांबवड्याहून आलेल्या एका फोनमुळे लागली होती.

माझी आई मलकापूरजवळ आमच्या गावी राहते. मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं कोल्हापुरात डायलिसिस असतं. आमच्याकडेच राहा म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं: "आन् म्हशीला काय तुझ्या गॅलरीत बांधू?" सकाळी ती एसटीने यायची, तेव्हा तिला काही होत नसे. त्रास परतीचा. चार तास मशीनवर काढल्यावर पाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी तिला स्टँडवर बसवून द्यायची. एसटी नसली तर वडापची जीप, माणसं कोंबून नेणारी. एका शुक्रवारी त्या जीपमध्ये, तेरा माणसांच्या गर्दीत, तिला भोवळ आली. जीपवाल्याने वाटेतच बांबवड्यात चहाच्या टपरीसमोर उतरवलं. टपरीवाल्याने तिला बाकावर झोपवलं आणि तिच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला.

"ताई, म्हातारी हाय तुमची हितं. घाबरू नगा, पानी पाजलंय. पर न्ह्यायला या."

मी पोहोचेपर्यंत सव्वा तास गेला. तसा सव्वा तास मला आयुष्यात पुन्हा नको होता. लायसन माझ्याकडे बारा वर्षं होतं, गाडी नव्हती. आठवड्यात दोनदा जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, तेही आमच्या ऐपतीत. म्हणून यादीत मायलेज पहिल्या क्रमांकावर, आणि वाटेत बंद पडता कामा नये हे दुसऱ्या.

आमच्या गल्लीत एक मिस्त्री राहतात. त्यांचं गॅरेज उद्यमनगरात आहे. त्यांना वही दाखवली तर त्यांनी ती मिटून माझ्याच हातात दिली.

"वैनी, हे ऱ्हाऊ दे. मालकानं नवाची वेळ दिली की आपण साडेआठला जायाचं. पयला हात बॉनेटवर ठिवायचा. गरम लागला तर त्यानं आधीच चालू करून ठिवलीया. थंड गाडी चालू करताना जे रडगाणं ऐकाय येतं, ते लपवाय."

मी सतरावा मुद्दा लिहिला.

पहिली गाडी नदीकडच्या एका गल्लीत होती. बॉनेट थंड, इंजिन गोड. मिस्त्रींनी मालकाला सहज विचारलं, "पुराच्या वर्षी पाणी आलतं का दारात?"

"आलतं की. पर उंबऱ्यापातुरच."

मिस्त्रींनी मागच्या सीटचा बेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढत ओढत पार शेवटपर्यंत नेला. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, वाळलेल्या गाळाची.

"लई उंच उंबरा हाय तुमचा," मिस्त्री म्हणाले, आणि आम्ही निघालो.

दुसरी गाडी एका एजंटाच्या आवारात मिळाली. छोटी, चंदेरी, पेट्रोलवर बावीसचं ॲव्हरेज. बेल्ट स्वच्छ, बॉनेट थंड, क्लच ठीक. सतराच्या सतरा मुद्द्यांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. मला इतकं बरं वाटलं की मंगळवारी डायलिसिस झाल्यावर आईला रिक्षाने तिथेच घेऊन गेले. दहा हजार कमी करून घ्यायचे, असं मिस्त्री आणि मी वाटेतच ठरवलं होतं.

रिक्षातून उतरताना आईच्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आली. नवी गाडी म्हणून तिने सकाळीच गावाकडून नारळ, चार लिंबं आणि हळदीकुंकवाची पुडी आणली होती. एजंटाची नजर पिशवीवर गेली आणि त्याचा चेहरा फुलला.

"आक्कांनी नारळच आणलाय! मग आता भाव कशाला करताय ताई? सौदा झालाच की."

मी आईकडे डोळे वटारून बघितलं. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. बसली म्हणजे खाली पडलीच. आणि मग तिला उठता येईना.

तिच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. त्या हातावर भार द्यायचा नाही, त्याने काही ओढायचं नाही, त्या हाताला बीपीचा पट्टासुद्धा बांधत नाहीत. पुढच्या दारावरचं हँडल नेमकं तिच्या डाव्या बाजूला होतं. ती त्याच्याकडे बघत बसली. उजवा हात सीटवर टेकून बघितला, जमेना. शेवटी मी कमरेला धरून आणि मिस्त्रींनी पाय बाहेर घेऊन तिला उठवलं. मागे, चालकाच्या पाठीमागच्या जागी उजवा हात दाराकडे आला असता, पण तिथे हँडलच नव्हतं.

"ही गाडी न्हवं, इहीर हाय," आई धापा टाकत म्हणाली. "पडाय येतंय, निघाय येत न्हाय."

"नारळ तरी फोडून जावा," एजंट म्हणाला.

"घरला जाऊन चटणी करतो त्येची," आई म्हणाली.

रिक्षात मी वही उघडली. सतरा मुद्दे, सगळे गाडीचे. जिच्यासाठी गाडी घ्यायची तिच्याबद्दल एकही नाही. मी पानाच्या डोक्यावर, मायलेजच्याही वर, जागा करून लिहिलं: आई, उजवा हात. त्या दिवशी आणि डायलिसिसचे पुढचे तीन वार मी तिच्याबरोबर एसटीने गावापर्यंत गेले आणि एकटी परत आले. कंडक्टर माझ्याकडे बघून न विचारता दोन मलकापूर फाडायला लागला.

मग मिस्त्रींचा निरोप आला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले एक कारागीर, डोळ्यांमुळे गाडी चालवणं सोडलेले, गाडी विकणार होते. आम्ही अर्धा तास आधीच गेलो. ते तुळशीला पाणी घालत होते.

"लवकर आला ते बरं केलं," ते म्हणाले. "तापवून दाखवायचा धंदा मला येत न्हाय."

गाडी उंच बांध्याची, बॉनेटचा रंग उडालेला. ॲव्हरेज अठरा. बावीसनंतर अठरा ऐकून माझं तोंड उतरलं. पुराच्या वर्षी त्यांनी ती टेंबलाईच्या टेकडीवर पाहुण्यांच्या दारात नेऊन ठेवली होती. मिस्त्रींनी तरी बेल्ट शेवटपर्यंत ओढलाच. स्वच्छ होता. मग त्यांनी चालकामागचं दार उघडलं आणि मला हाक मारली.

दोन दारांच्या मधल्या खांबाला वीतभर लांबीचा स्टीलचा दांडा बसवला होता. गुळगुळीत, कडा घासलेला, दोन्ही टोकांना बोल्ट.

"लेथवर मीच केलाय. हिच्या गुडघ्यांसाठी."

दारातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "त्यो काढून घेणार हाईत बरं का. मोरीत लावायचाय म्हणं."

"दांडा राहणार असेल तर गाडी मी घेते, आईसाठी," मी म्हणाले.

मिस्त्रींनी डोळे मिटले. अजून किंमतसुद्धा विचारली नव्हती. नारळावरून मी आईकडे डोळे वटारले होते, आणि माझ्या तोंडातून तर अख्खा सौदा बाहेर पडला होता.

त्या माणसाने त्याचा फायदा घेतला नाही. "आधी म्हातारीला आणून बसवा. मग बोलू."

शुक्रवारी दवाखान्यातून आईला थेट तिथेच नेलं. या वेळी पिशवीत नारळ नव्हता, मी तपासलं होतं. तिने उजव्या हाताने दांडा धरला, बसली. धरला, उठली. कुणी सांगितलं नसताना पुन्हा बसली आणि पुन्हा उठली.

"पावणं, ह्यो आमचाच की," ती त्या माणसाला म्हणाली.

ते बायकोकडे बघत राहिले. बायको म्हणाली, "असू दे की त्यास्नी. मोरीला दुसरा करा. बसूनच हाईसा की घरात."

किमतीत त्यांनी रुपयाही सोडला नाही. कागदपत्रांना बारा दिवस लागले. गाडी नावावर झाली, विमा झाला, मिस्त्रींनी ऑइल आणि एक टायर बदलला. त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मी आईला मागे बसवून निघाले. बांबवडं आलं तेव्हा मी आरशात बघितलं. ती झोपली होती. दांड्यावरचा हात सुटून मांडीवर पडला होता आणि तोंड थोडं उघडं होतं. मी गाडी थांबवली नाही.

गावात अंगणात गाडी लावली. मी बेल्ट सोडून मागे वळले तोवर दार उघडं होतं आणि ती बाहेर उभी होती.

"थांब, धरते मी."

"उतरलो की. बस तू." आणि ती म्हशीकडे गेली.

मी खरंच तशीच बसून राहिले, पाच मिनिटं, काहीही न लिहिता.

परतताना मात्र बांबवड्यात थांबले. टपरीवाल्याने मला ओळखलं.

"म्हातारी कशी हाय?"

"बरी आहे. आत्ताच घरी सोडून आले."

त्याने चहाचा ग्लास पुढे केला, रस्त्याकडेच्या गाडीकडे बघितलं आणि सगळे विचारतात तेच विचारलं. "ॲव्हरेज काय देती?"

"अठरा," मी म्हणाले. "भरपूर झालं."