मेलेल्या राणीला वन्स मोअर

मी कुवेतला गेले ते एक मरण बघायला. घाबरू नका, नाटकातलं!

ताईचा कुवेतहून फोन आला तेव्हा मी पुण्यात मटार सोलत होते. मूळ जर्मन शोकांतिका, डच लोकांनी तिची गाण्यांसकट उडवलेली टर, प्रयोग इंग्रजीत, आणि विष पिऊन मरणारी राणी कोण, तर आमची साताऱ्याची ताई. मी हसले, ती हसली नाही. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती गायलीच नव्हती. "मरतानाच्या गाण्यात वरचा सा आहे. आवाज फाटला, तर समोर आपलं कुणीतरी हवं गं." तिनेच लगेच ऑनलाइन माझा व्हिसा काढला.

मुंबईहून चारेक तासांचं विमान. जानेवारीत जा आणि शाल न्या. विमानतळावरून महबूलाला, ताईच्या घरापर्यंत, टॅक्सीला सहा दिनार पडले. टॅक्सीवाले कासमभाई रत्नागिरीचे निघाले. "लोक हिकडे कमवायला येतात, आणि तुम्ही गाणं ऐकायला आलाव?" ते आरशातून बघत म्हणाले. बाहेर धुळीत विरघळलेलं ऊन होतं आणि रस्त्याच्या टोकाला समुद्र आहे की आकाश, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खैतान भागातल्या एका खाणावळीत सुरमई खाल्ली, जरूर खा. संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना ताई गुणगुणायची आणि त्या सुराशी आली की गप्प व्हायची. लाटा इतक्या हळू येत होत्या की मलाच झोप आल्यासारखं झालं.

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग होता. दिग्दर्शक यान शुऐबा भागातल्या कारखान्यात इंजिनिअर. त्याची राणी विष पिते, पडते, पुन्हा उठून नवऱ्याची आणखी एक तक्रार करते. लोक हसून बेजार. मग शेवटचं गाणं सुरू झालं आणि हॉल शांत झाला. ताई वरच्या सा पाशी आली आणि हळूच खाली उतरली. कुणाला कळलं नाही, पण मला कळलं. राणी मेली.

आणि मी ओरडले, "वन्स मोअर!"

काय करणार, आम्ही दोघी संगीत नाटकांवर वाढलो. तिथे प्रेक्षकांनी मागितलं की मेलेला माणूसही उठून गातो. शेजारी बसलेल्या भाचीने, रेवाने, मला चिमटा काढला. "मावशी, स्टॉप! शी इज डेड!" विंगेतून यानचं घाबरलेलं डोकं बाहेर आलं.

पण ताई त्याच सवयीची. ती उठली, मुकुट नीट केला आणि पियानोवाल्याला मान हलवून खूण केली. या वेळी ती थेट वर गेली. सूर थरथरला, मग स्थिर झाला आणि राहिला. मी रडत होते. लोकांना वाटलं हेही नाटकातलंच, त्यांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

"हे रोज करायचं!" यान नंतर इंग्रजीत म्हणाला. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप तिची पर्स उचलली.

आता पुण्यात परत आलेय. कुवेतचं ते दुधाळ ऊन अजून डोळे मिटले की दिसतं. आणि थोडं अपराधीही वाटतं, कारण दुसऱ्या दिवसापासून ताईचा आवाज पार बसला. डॉक्टरांनी आठ दिवस बोलायचंही नाही म्हणून दम दिलाय. मी माफीचा भलामोठा मेसेज पाठवला. तिचं उत्तर एका ओळीचं आलं.

"ते राहू दे. सा लागला ना गं?"

"लागला," मी लिहिलं.