कचेरीच्या बागेतली हाक

दिवाळीत पंगतीला बसलेले नाना पुन्हा म्हणाले, "निवृत्तीला भाजी दोनदा विचारा. त्याला हाक ऐकू येत नाय."

नाना म्हणजे माझे थोरले काका, आणि निवृत्ती म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. सगळे नेहमीसारखे हसले. अण्णा म्हणाले, "दादा, एकदा तिथं जाऊनच बघू." म्हणून ही सहल ठरली.

त्याचं असं झालं होतं. माझ्या जन्माआधी गावच्या सामाईक विहिरीच्या पाण्यावरून भावकीशी दावा चालू होता. तालुक्याच्या दगडी कचेरीत शिपाई साहेबांच्या दाराशी उभा राहून तीनदा नाव पुकारायचा. सकाळपासून ताटकळलेले अण्णा समोरच्या चिंचेखाली चहाला गेले आणि नेमका तेव्हाच पुकारा झाला. गैरहजर म्हणून निकाल विरुद्ध गेला, पाणी गेलं. आवाज आलाच नाही, असं अण्णा तेव्हापासून सांगतात. नाना म्हणतात, आला असणार, हा चहात रमला. पुढे अण्णा नाशिकला आले आणि गंगापूर रोडच्या पलीकडे खंडाने घेतलेल्या दुसऱ्याच्या जमिनीत फुलं करू लागले. बाहेर कुठेही ते चहा पीत नाहीत.

जाणाऱ्यांनी नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून कळवणची सकाळची एसटी धरावी. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. दिंडोरीपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे खड्डे आहेत. वणीच्या स्टँडवर देवीच्या गडावर जाणाऱ्यांची गर्दी असते, पण भजी गरम मिळतात. कचेरीचं गाव त्याच्या पुढे आहे. उतरल्याबरोबर मी कंट्रोलरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारली. वणीला घेतलेली भजी संपल्याची खंत करत थोड्या वेळाने पुन्हा विचारली.

"अरे बाबा, तीच गाडी, तीच वेळ," तो म्हणाला.

अण्णा माझ्याबरोबर होते, नाना गावाहून परस्पर आले होते. जुन्या कचेरीच्या जागी आता बाग आहे, तिला तिकीट नाही. इंग्रजांच्या काळातल्या या इमारतीचं छप्पर कोसळल्यावर कचेरी दुसरीकडे हलवली. धोक्याच्या भिंती कमरेपर्यंत उतरवल्या आणि खोल्या होत्या तिथे हिरवळ लावली. दर्शनी कमान तेवढी पूर्ण आहे. साहेबांच्या खोलीत आता घसरगुंडी आहे. दुपारी सावली कमी, तेव्हा टोपी न्यावी. पाण्याचा नळ आहे, पण मी गेलो तेव्हा कोरडा होता.

चिंच आहे, आणि तिच्याखाली चहाची टपरीही आहे. अण्णा तिथल्या बाकावर कचेरीकडे पाठ करून बसले. मी त्यांच्याजवळ उभा राहिलो. नाना आत गेले आणि घसरगुंडीजवळ उभे राहून, अण्णांच्या गोष्टीतल्या शिपायासारखे, वडिलांच्या नावासकट ओरडले, "निवृत्ती केदू, हाजिर हो!"

टपरीवालीने मान वर केली. "भाऊ, तुम्हालाच बोलवत्यात वाटतं."

नानांनी आणखी दोनदा पुकारलं. प्रत्येक शब्द स्वच्छ आला. झाडावरचे बगळेसुद्धा उडाले.

नाना येईपर्यंत अण्णा जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "आलं ऐकू. चांगलं आलं. म्हणजे दादा, तेव्हाही आलं असणार. तुझंच खरं."

इतकी वर्षं ज्यासाठी नाना बोलत होते, ते त्यांना मिळालं होतं. ते आता पंगतीत काय काय म्हणतील, हे मला दिसू लागलं. पण नाना वळून कचेरीकडे बघत राहिले.

"तुझ्या डोक्यात काय भुसा हाय का?" ते म्हणाले. "भिंती कुठं हायत आता? तवा दोन हात जाडीचा दगड होता मधी. वर छप्पर. अन् पडवीत माणसांचा लय गलका असंल. कशी ऐकू येईल हाक?"

"पण तूच म्हणत होतास..."

"मी कधी आत आलो होतो? आज पहिल्यांदा बघतोय." मग टपरीवालीला म्हणाले, "बाई, तीन चहा टाका."

अण्णांनी बशीत ओतून चहा प्यायला. शेवटची गाडी मिळाली, बसायला जागाही मिळाली.

बागेसाठी मुद्दाम इतक्या लांब जावं का, हे मला सांगता येणार नाही. गडावर जाणार असाल तर तासभर काढा. आमच्या घरात मात्र एक बदल झाला. परवा साखरपुड्याच्या पंगतीत वाढणारा हसत म्हणाला, "निवृत्तीकाकांना भाजी दोनदा विचारायची ना?"

नानांनी पानातून मान वर केली नाही. "एकदाच विचार," ते म्हणाले. "मधी भिंत होती रे."