एकतीस मिलिमीटर

केशरबाईच्या मनगटावर कुदळीचा दांडा बसला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज सोसायटीच्या ओट्यापर्यंत गेला. मारणारा परका असता तर तिनं त्याचं नरडं धरलं असतं. पण तो लिंबाजी होता, तिच्याच पोटचा.

सत्त्याऐंशी सालचा श्रावण. बेंबळीकडच्या त्या वाडीत विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि तीनशे माणसं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जगत होती. लिंबाजी तिथला मुकादम. केशरबाई गावच्या शेतकी सोसायटीच्या आवारातला पर्जन्यमापक सांभाळायची. नवरा गेल्यावर ते काम तिच्याकडं आलं. रोज सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. बाई सातवी शिकलेली, जिभेची तिखट, आणि आकड्याच्या बाबतीत प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ऐकणारी नव्हती.

हे वेड तिला पुण्याहून आलेल्या हवामानवाल्या माणसानं लावलं होतं. "मावशी, दूर समुद्रातलं कोमट पाणी जागा बदलतं. प्रवाह कुठं वळला ते उपग्रह वरून टिपतो. तो फिरला की तुमचा पाऊसही फिरतो. पण उपग्रहाला ढगाची पाठ दिसते, खाली पडलेला थेंब दिसत नाही. तो तुम्ही सांगायचा. तुमचा आकडा खोटा, तर आमचं वरचं सगळं गणित खोटं."

त्या दिवशी पहाटे एकच सर आली, पिसाळल्यासारखी. मापात पाणी चढलं एकतीसवर. केशरबाईनं वर पाहिलं, तर आवारात माणसंच माणसं.

"माय, शून्य लिव्ह," लिंबाजी म्हणाला. "पाऊस झाला म्हणलं की काम बंद पडतंय. तीनशे चुली इझतील."

"पाणी एकतीस हाय."

पहिला दगड तिच्या कपाळावर बसला. कुणीतरी लाथ घालून पर्जन्यमापकाचं नरसाळं चेपलं. वही ओढायला आलेल्या गड्याच्या दंडाला ती अशी चावली, की तो कुत्र्यागत केकाटला. मग दांडा बसला. माप फुटलं, हात लोंबला. तिनं डाव्या हातानं वही मांडीवर घेतली आणि एकतीस लिहिलं. कपाळातलं रक्त पानावर ठिबकत होतं.

तिसऱ्या दिवशी काम बंद झालं. लोकांनी तिची कडब्याची गंजी पेटवली, दार कुऱ्हाडीनं फोडलं. लिंबाजी बायकोला घेऊन वेगळा राहिला.

पुढं वीस दिवस थेंब नाही. सोसायटीच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी उपग्रहाचं चित्र, आणि त्यात वाडीच्या डोक्यावर पांढरे ढग. गर्जेल तो पडेल काय, म्हणतात; हे तर गर्जतही नव्हते. पुण्याहून आलेला नवा पर्जन्यमापक बघून केशरबाई डाव्या हातानं वहीत रोज शून्य लिहीत होती.

एकविसाव्या दिवशी तालुक्याचा साहेब जीपमधून उतरला. सगळी वाडी जमली.

"चित्रात रोज ढग आणि तुमच्या वहीत रोज शून्य?" त्यानं वही आपटली. "काम मिळावं म्हणून सगळीच गावं शून्य लिहितात!"

सोसायटीचा सेक्रेटरी पिराजी आजवर गप्प होता. त्यानं वही उचलली, पानं मागं उलटली आणि रक्ताच्या डागावर बोट ठेवलं.

"साहेब, हे एकतीस बघा. बाईला खोटंच लिवायचं असतं तर त्या दिवशीच लिवलं असतं. ह्या आकड्यापायी तिचा हात मोडलाय."

साहेबानं बांबूच्या कामट्यांत बांधलेला तो हात पाहिला. "उद्यापासून काम सुरू करा," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "हात कुणी मोडला? नाव सांगा, आत्ता बेड्या घालतो."

लिंबाजी पुढंच उभा होता, मान खाली घालून. त्याच्या तोंडावर थुंकावं इतका राग केशरबाईच्या मनात होता. तिनं तो गिळला.

"कुणी न्हाय साहेब, घसरून पडले," ती म्हणाली. "एकतीस मिलिमीटरचा चिखल लई असतो."